तीन नऊवारींएवढा देवमासा: समुद्र नसलेल्या गावात प्रायोगिक लघुपट कसा करावा

बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाने देवमासा पाहिलेला असतो. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये, शाळेच्या सहलीत, रांगेतल्या पुढच्याचं दप्तर धरून. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा, सुमारे २२ मीटर लांब. माझी आजी तो पहिल्यांदा बघून आली तेव्हा म्हणाली, "कुणी वाड्याचं आढं उतरवून ठेवलंय असं वाटलं." दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवरचे वासे तसेच आहेत, मधल्या आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरत गेलेले. लहानपणी अंथरुणावर पडून मी वर बघायची आणि मला वाटायचं, आपण त्याच्या पोटात झोपतो.

मी शाळेत चित्रकला शिकवते. विश्वामित्रीचा पूर ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात मी आणि माझ्या भाचीने मिळून देवमासा आणि तापत चाललेला समुद्र यावर दहा मिनिटांची फिल्म केली. आमच्याकडे समुद्र नव्हता, बोट नव्हती, पाण्याखालचा कॅमेरा नव्हता. होता तो भाचीचा मोबाइल, एक जुना साउंड रेकॉर्डर, मासे मेलेली काचेची टाकी आणि आजीच्या साड्यांची ट्रंक. फिल्म पाहिलेले लोक अजून विचारतात की हे कसं केलंत. ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यातूनच येतं. देवमासा दाखवायच्या मागे लागू नका, तो मोजा. पाण्यातून उसळी मारणारा देवमासा आपण सगळ्यांनी मोबाइलवर शंभरदा पाहिलाय, आणि तिथे तो बोटाएवढा असतो. विकत किंवा फुकट मिळणारी चित्रं जोडून तुम्ही फार तर सुंदर काहीतरी कराल, पण बघणाऱ्याच्या अंगावर तो प्राणी येणार नाही. त्याची लांबी, त्याचा ठोका, त्याची बुडी, त्याचं खाणं हे आपल्या घरातल्या मापांनी मोजलं की मात्र तो घरात मावेनासा होतो.

लांबी

नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटरच्या आसपास. तीन नऊवारी एकीला एक बांधल्या की पावणेपंचवीस मीटर होतात. दोन गाठींमध्ये थोडी लांबी जाते आणि पुढे थोडा पदर उरतो. म्हणजे म्युझियममधला आपला देवमासा तीन नऊवारींएवढा. निळ्या देवमाशाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू साधारण सात मीटरचं असतं; ते एका नऊवारीत मावतं आणि वर दोन-अडीच हात पदर राहतो. मला हे कळलं तेव्हा मी ट्रंकेपाशी बराच वेळ बसून राहिले.

साड्या सुती घ्या. रेशमी साडी घसरते आणि उन्हात चमकते, कॅमेऱ्याला फक्त चमक दिसते. आम्ही आजीची एक करडी इरकली, एक काळी चंद्रकळा आणि आईची एक विटकी निळी घेतली. शूटिंग भल्या पहाटे करा, बागेत फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत. दव पडलेलं असलं तर साडी जमिनीला धरून राहते; नसलं तर काठांवर गोटे ठेवा. बागेत किंवा म्युझियममध्ये ट्रायपॉड लावण्याआधी कार्यालयात विचारा, परवानगी लेखी घ्या आणि तो कागद शूटिंगच्या दिवशी खिशात ठेवा.

मोबाइल कमरेच्या उंचीवर धरून शेपटीकडून डोक्याकडे चालत जा. बावीस मीटरला पूर्ण एक मिनिट लावा. इतकं हळू चालणं सोपं नाही, पाय आपोआप उचलले जातात. भाची मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून मोजत होती तेव्हा कुठे जमलं. एक्स्पोजर आणि फोकस आधी लॉक करून ठेवा, नाहीतर काळी साडी आली की फोन प्रकाश वाढवतो आणि गवत पांढरंफटक होतं. ड्रोन वापरायचा मोह टाळा. वरून बघितलं की बावीस मीटरचा दोरा होतो. शरीर किती लांब आहे ते शेजारून चालतानाच कळतं, आणि मिनिटभर चालूनही ते संपत नाही तेव्हा बघणारा खुर्चीत हलतो. ती हालचाल हवी आहे.

साडीचा शॉट संपला की आम्ही माडीवरचे वासे दाखवले, आणि त्यानंतर सांगाड्याच्या फासळ्या. त्या दोन चित्रांमध्ये शब्द टाकू नका. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

ठोका, म्हणजे संकलन

फिल्मची लांबी आम्ही दहा मिनिटं ठेवली, कारण निळ्या देवमाशाची नेहमीची एक बुडी साधारण तेवढी असते. वर एकदा श्वास घ्यायचा, खाली जायचं, चरायचं, वर यायचं. फिल्म म्हणजे ती एक बुडी.

या बुडीत त्याचं काळीज कसं चालतं हे २०१९ साली पहिल्यांदा समोर आलं. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर सक्शन कपने यंत्र चिकटवून त्याचे ठोके नोंदवले. पाण्यावर असताना मिनिटाला २५ ते ३७. बुडीत असताना बहुतेक वेळ ४ ते ८. आणि सर्वात कमी, मिनिटाला २. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये अर्धं मिनिट. खाली तोंड उघडून झेप घेताना ते या किमान गतीच्या अडीचपट होतात आणि पुन्हा मंदावतात.

हेच आमचं संकलनाचं कोष्टक झालं. एक ठोका, एक कट. पहिलं मिनिट पाण्यावरचं: तीस ठोके, तीस शॉट, प्रत्येक दोन सेकंदांचा. त्यात आम्ही आपलं गाव घातलं. मांडवीचा वळसा, दुधाच्या पिशव्या, शेवउसळीवर पडणारा तर्रीचा पळा, सिग्नलचा हिरवा, स्कूटरच्या मागे पाठमोरी बसलेली मुलगी. दुसऱ्या मिनिटापासून ठोके उतरतात, शॉट लांबतात. मध्यावर दोन शॉट असे आहेत की ते पूर्ण तीस सेकंद बदलतच नाहीत. शेवटच्या मिनिटात पुन्हा सदतीस ठोके, आणि तेच गाव.

हे कागदावर आखल्याशिवाय शूटिंगला हात घालू नका. चौकटीच्या वहीत दहा रांगा करा, दर मिनिटाला एक, आणि प्रत्येक रांगेत ठोक्यांच्या खुणा. मग कुठल्या खुणेला काय दिसणार ते पेन्सिलने भरा. प्रायोगिक फिल्म म्हणजे वाटेल ते वाटेल तिथे जोडणं नव्हे. कथा नसते म्हणून तर नियम जास्त कडक लागतो, आणि इथे तो नियम देवमाशाच्या शरीराने घालून दिलेला आहे.

ठोक्याचा आवाज पखवाजाचा आहे. शेजारचे काका भजनी मंडळात वाजवतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती आम्ही नेहमीपेक्षा जरा सैल आणि जास्त लावली, म्हणजे आवाज आणखी खाली उतरला. रेकॉर्डर दुलईवर ठेवला, पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली. एकेक थाप वेगळी घेता आली असती, पण मी काकांना खरोखरच अर्ध्या मिनिटाच्या अंतराने वाजवायला सांगितलं. पहिल्या चार वेळा त्यांचा हात मध्येच उठला. "तालात थांबायची सवय आहे गं," ते म्हणाले, "पण एवढ्या लांबची सम आयुष्यात पाहिली नाही." पाचव्या वेळी त्यांनी डोळे मिटले. ती थाप आम्ही वापरली. तिच्या आधीचा त्यांचा श्वाससुद्धा रेकॉर्ड झालाय, तो मी काढला नाही.

संकलनात ही थाप निम्म्या वेगाने लावा. स्वर एक सप्तक खाली जातो आणि चामड्याची कंपनं निम्म्याने संथ होतात.

भरती

मधल्या दोन स्थिर शॉटांपैकी पहिला काम्बोईचा आहे. आपला देवमासा आला त्या महीच्या मुखाशी आता कुणी जायचं म्हटलं तर कावी-काम्बोईला जावं. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीत बुडतं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वात मोठ्यांपैकी आहे, काही ठिकाणी दहा मीटरच्याही वर.

ओहोटीला समोर मैलभर चिखल दिसतो. त्या चिखलात उतरू नका. सपाट जागेवर पाणी धावत येतं, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशीची वेळ धरून चालू नका. देवळातल्या माणसांना विचारा. ट्रायपॉड पायऱ्यांवर ठेवा, पायांना विटा बांधा. दर पंधरा सेकंदांना एक फ्रेम, तीन तास. ७२० फ्रेम होतात, आणि सेकंदाला चोवीस या हिशेबाने पडद्यावर बरोबर तीस सेकंद. बुडीतल्या दोन ठोक्यांमधलं अंतर तेवढंच आहे. तीन तासांचा समुद्र एका ठोक्याच्या पोटात बसतो.

हे करताना मला सारखी फाळक्यांची आठवण येत होती. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि सिनेमा करायचा ठरवल्यावर त्यांनी आधी काय चित्रित केलं, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप फ्रेम-फ्रेमने वाढताना. आपल्याकडचा सिनेमा असा कॅमेऱ्याशेजारी वाट बघत बसण्यापासून सुरू झाला आहे. पावर बँक मात्र दोन न्या.

पाण्याखालचा कान

समुद्रात प्रकाश फार खोल जात नाही, आवाज जातो. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. देवमासा कानाने जगतो, म्हणून या फिल्मचा जीव आवाजात असायला हवा.

पाण्यातला आवाज टिपायला महागडं यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिएझो डिस्क मिळते, बझरमध्ये असते ती पितळी चकती, वीसेक रुपयांत. तिला शील्ड असलेली ऑडिओ वायर डाखा: मधली तार पांढऱ्या गोलावर, जाळी पितळेवर. डाखणी दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, पांढरा थर जळतो आणि चकती मुकी होते. मग दोन्ही बाजूंना इपॉक्सीचे दोन हात द्या, रात्रभर वाळू द्या, वर फुगा चढवून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा. आमची पहिली चकती मी घाईत एकच हात देऊन पाण्यात टाकली आणि ती पाणी प्याली. नुसती घरघर ऐकू यायची. दुसरी अजून चालते आहे.

आणखी एक चूक केली ती इतरांनी करू नये. चकती सरळ मोबाइलला किंवा साध्या माइकच्या भोकात जोडली की आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, सगळा खर्ज गळून जातो. तिला गिटारसाठी असतं ते इनपुट लागतं. गिटार वाजवणारा एखादा मुलगा प्रत्येक गल्लीत असतो, त्याच्याकडून छोटा प्रीअँप दोन दिवस मागून आणा.

चकती कुठे बुडवायची? विश्वामित्रीत नाही. तिथे मगरी आहेत, काठावर वाकून वायर सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. आम्ही वाड्याच्या गच्चीवरच्या टाकीत सोडली. आत इतकं काही ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती. थेंब, टाकीच्या भिंतीची कुरकुर, खालच्या नळाला कुणी हात लावला तर एक लांब शीळ, दूर रावपुऱ्यातल्या बसचा गुरगुराट. आणि मग खाली कुणीतरी पाण्याची मोटर लावली. त्या क्षणी बाकी सगळं नाहीसं झालं. आवाज बंद झाले नव्हते, ते तिथेच होते, फक्त ऐकू येत नव्हते. भाचीने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, हे जहाज आहे."

अगदी तेच आहे. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आणि इंजिनांचा आवाज खालच्या पट्टीत असतो, आणि निळा देवमासाही तिथेच बोलतो, साधारण १० ते ४० हर्ट्झमध्ये. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजं थांबली तेव्हा कॅनडाच्या फंडीच्या उपसागरातला गोंगाट ६ डेसिबलने उतरला, आणि त्याच दिवसांत तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं कमी झालेली शास्त्रज्ञांना आढळली. जहाज हळू चाललं तर त्याचा आवाजही कमी होतो आणि जळणही कमी लागतं, म्हणजे धूरही कमी. गोंगाट आणि तापमान हे दोन वेगळे विषय आहेत असं मी सुरुवातीला धरलं होतं. ते एकाच धुराड्यातून आणि एकाच पंख्यातून येतात.

म्हणून आमच्या फिल्ममध्ये तिसऱ्या मिनिटाला मोटर सुरू होते ती चालूच राहते. बघणाऱ्याला काही वेळाने तिची सवय होते. सहाव्या मिनिटाला ती एका ठोक्यापुरती, तीस सेकंद, थांबते. त्या तीस सेकंदांत खऱ्या देवमाशाचा आवाज आहे, पूर्ण फिल्ममध्ये तेवढाच. अमेरिकेच्या सागर आणि वातावरण प्रशासनाने, म्हणजे नोआने, अशी ध्वनिमुद्रणं लोकांसाठी खुली ठेवली आहेत. वापरण्याआधी प्रत्येक फाइलखालच्या अटी वाचा आणि श्रेय द्या. हा आवाज मूळ वेगात आपल्या कानांना जेमतेम लागतो किंवा लागतच नाही, म्हणून चौपट वेगाने लावावा लागतो. तसं पडद्यावर लिहा. आम्ही लिहिलं: "आवाज चौपट वेगाने. मूळ आवाज आपल्याला ऐकू येत नाही." न सांगता बदललेला आवाज खरा म्हणून ऐकवणं मला पटत नाही.

टाकीतला अरबी समुद्र

सुरुवातीला माझ्या वहीत बर्फ होता. हवामान बदल म्हटलं की वितळणारा बर्फ आलाच. मग वाचायला लागले तेव्हा कळलं की हिंदी महासागराच्या उत्तरेतले निळे देवमासे बर्फाकडे जातच नाहीत, ते वर्षभर उबदार पाण्यात राहतात. आणि श्रीलंकेजवळचे काय खातात याचा पुरावा सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडला: सर्जेस्टिड कोळंबी. ही कोळंबी म्हणजे आपल्या जवळ्याच्याच कुळातली.

आमचं घर सीकेप्यांचं. जवळा आमच्याकडे डब्यात असतो, अलिबागची आत्या पाठवते. त्या संध्याकाळी मी डबा उघडला, मूठभर जवळा ताटलीत घेतला आणि बर्फाचं पान वहीतून फाडून टाकलं.

जवळ्याचा शॉट असा घ्या. मूठभर सुका जवळा दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर तो तरंगतच राहतो. काचेच्या पसरट भांड्यात दोन बोटं पाणी, भांड्याखाली बटर पेपर, त्याखाली दिवा. मोबाइल वरून जितका जवळ फोकस घेईल तितका. जवळा अर्धपारदर्शक होतो आणि प्रत्येकाचे दोन काळे ठिपके दिसतात, डोळे. बोटाने पाणी हळू ढवळलं की थवा फिरतो. मग एका बाजूने जुनी बारीक दातांची फणी पाण्यातून ओढा. पाणी पुढे जातं, जवळा अडकतो. निळ्या देवमाशाच्या तोंडात दात नसतात, असल्याच झालरी असतात, आपली नखं ज्या केराटिनची त्याच केराटिनच्या. उत्तर पॅसिफिकमधला पूर्ण वाढलेला निळा देवमासा चरण्याच्या दिवसांत दिवसाला १६ टनांपर्यंत खातो. हा आकडा आम्ही पडद्यावर दिला नाही. फणीत अडकलेला जवळा पुरला.

आता दुसरा तीस सेकंदांचा शॉट. फिल्मचा मुख्य मुद्दा यातच आहे, म्हणून इथे घाई नको.

काचेची टाकी घ्या, दोन फुटी पुरते. मागच्या काचेला बटर पेपर चिकटवा आणि त्यामागे दिवा. अर्धी टाकी बर्फाने गार केलेल्या पाण्याने भरा, बर्फ आधी गाळून काढा. त्यात कपड्यांची पातळ नीळ पाच-सहा थेंब टाका. मग त्यावर थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवा आणि अंघोळीच्या पाण्याइतकं गरम, स्वच्छ पाणी त्या तुकड्यावर बारीक धारेने ओता. उकळतं नको, मी पहिल्यांदा गॅसवरून उतरवलेलं पातेलं तसंच ओतलं आणि काच आडवी तडकली, दिवाणखान्यातली सतरंजी निळी झाली. हळू ओतलं की खाली निळं, वर स्वच्छ, आणि मध्ये एक रेघ उभी राहते, पट्टीने मारल्यासारखी. कॅमेरा बरोबर त्या रेघेच्या उंचीवर.

आता टेबलफॅन लावा. वर लाटा उठतात, पाणी थरथरतं, पण निळं वर येत नाही. तुलनेसाठी हाच प्रयोग दोन्ही पाणी सारख्या तापमानाचं घेऊन करा, निळं पाणी नळीने तळाशी सोडून. पंखा लावला की ते धुरासारखं वर चढतं आणि थोड्या वेळात सगळी टाकी निळी होते. आम्ही हा शॉट आधी ठेवला आणि गरम पाण्याचा नंतर. दोन्हीत वारा तोच, पंखा तोच.

ते निळं म्हणजे तळाकडच्या गार पाण्यातलं खत. वारा पाणी घुसळतो तेव्हा ते वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर जवळ्यासारखे जीव आणि त्यांच्यावर देवमासा. वरचं पाणी जितकं तापतं तितकी ती रेघ घट्ट होते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग जून ते सप्टेंबरच्या मोसमात १.२ अंशांनी तापला, आणि त्यांच्याच २०१६ च्या अभ्यासात तिथल्या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलं. पडद्यावर आम्ही फक्त "१.२ अंश" लिहिलं, त्या रेघेवर, लहान अक्षरांत.

भिंतीवरची रेघ

टाकीच्या शॉटनंतर एकच चित्र आहे: माझ्या बहिणीच्या समा भागातल्या घराची भिंत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी जिथवर चढलं तिथे तपकिरी रेघ राहिली होती. रंग द्यायच्या आधी मी तिचा शॉट घेतला. टाकीतली रेघ आणि भिंतीवरची रेघ पडद्यावर एकाच उंचीवर यायला हव्यात. त्यासाठी दोन्हीचं मोजमाप वहीत लिहून ठेवा, नंतर संकलनात ताणाताणी करायला लागू नये.

तेव्हा गुजरातवर पाऊस ओतणारं तेच तीव्र कमी दाबाचं क्षेत्र पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला असना नावाचं चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये वादळ होणं १९७६ नंतर पहिल्यांदाच घडलं. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पण "हा पूर हवामान बदलामुळे आला" असं वाक्य पडद्यावर लिहू नका. एका पुराचा हिशेब इतका सरळ नसतो, आणि विचारणारा माणूस तिथेच तुम्हाला पकडतो, मग बाकीच्या खऱ्या गोष्टीही तो ऐकत नाही. दोन रेघा शेजारी ठेवा आणि ठोका येईपर्यंत थांबा. बहीण फिल्म बघायला आली होती. ती भिंत आली तेव्हा ती माझा हात धरून बसली.

काय सोडलं

पहिलं संकलन सतरा मिनिटांचं झालं होतं. त्यात प्लास्टिक होतं, विसाव्या शतकात मारलेले जवळजवळ २९ लाख देवमासे होते, १९८६ पासूनची व्यापारी शिकारीची बंदी होती, देवमाशाच्या उलटीच्या, म्हणजे अंबरग्रीसच्या, तस्करीच्या बातम्यांची कात्रणं होती, ५२ हर्ट्झवर एकट्याने गाणारा तो प्रसिद्ध देवमासाही होता. प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे आणि प्रत्येकीची वेगळी फिल्म होईल. बुडीत एवढं ओझं घेऊन कुणी उतरत नाही. ज्या गोष्टीला आमच्या घरातलं माप सापडलं नाही ती काढली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा व्हेल शार्क मात्र चुकूनही आत येऊ देऊ नका. नावात व्हेल असलं तरी तो मासा आहे. आणि आपला देवमासा नावात मासा असूनही मासा नाही, पिल्लाला दूध पाजतो.

आवाजी निवेदन टाळा. आम्ही एक लिहून, रेकॉर्ड करून, लावून पाहिलं. "आपण सर्वांनी" असं काहीतरी त्यात होतं. भाचीने काहीच न बोलता ते म्यूट केलं आणि पुन्हा फिल्म लावली. तिचं बरोबर होतं. तीन ओळी पडद्यावर राहिल्या: पहिल्या मिनिटानंतर "१९४४, महीचं मुख", रेघेवर "१.२ अंश", आणि आवाजाच्या वेगाची ती ओळ. गुजराती शेजाऱ्यांसाठी खाली गुजरातीतही.

खेळ

लॅपटॉपच्या स्पीकरवर ही फिल्म दाखवू नका, ठोका आणि मोटर दोन्ही गायब होतात. आम्ही गल्लीतल्या गणपती मंडळाचा एक मोठा बास बॉक्स मागून आणला. मुलांनी दोन जणांत उचलून चौकात ठेवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. लोकांना खुर्च्या न देता फरशीवर सतरंजीवर बसवा. खालच्या पट्टीतला आवाज कानाआधी पाठीच्या कण्याला लागतो. पंखे बंद, मोबाइल बंद, आणि फडताळातली स्टीलची भांडी काढून ठेवा, नाहीतर पहिल्या ठोक्याला वाजतात.

शेवटच्या ठोक्यानंतर पडदा काळा ठेवा आणि त्यावर श्वास. आम्ही तो सहा जणांना पाच फुटी पीव्हीसी पाइपमध्ये एकदम श्वास सोडायला लावून रेकॉर्ड केला, काका धरून. श्रेयनामं त्या श्वासावर चढवू नका. तो संपू द्या, दहा सेकंद जाऊ द्या, मग नावं.

आणि खेळाची वेळ पाणी येण्याच्या वेळेला ठेवू नका. आमच्या पहिल्या खेळाला सहाव्या मिनिटाला फिल्ममधली मोटर थांबली, आणि पलीकडच्या वाड्यातली खरी मोटर सुरू झाली. ते तीस सेकंद कुणालाच देवमासा ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही घरोघरी जाऊन सांगितलं, नऊला दहा मिनिटं मोटर बंद ठेवा, आणि पुन्हा खेळ लावला. पलीकडच्या वाड्यातल्या काकू स्वतः बटण बंद करून आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या.